इस्तारीजींची लाल दोरी

आमच्या गल्लीत फाटके लाल लुगडे केरात टाकण्याची कोणाही गृहिणीची छाती नव्हती. टाकलेच, तर अर्ध्या घटकेत इस्तारीजी ते वस्त्र दोन्ही तळहातांवर घेऊन दारात उभे राहत आणि विचारीत, "कायले टाकलं वं माय? मी मेलो होतो का?" हा प्रश्न ते इतक्या व्यथित स्वराने विचारीत की, आपण लुगडे नव्हे तर तान्हे मूल उकिरड्यावर ठेवून आलो, असे त्या माउलीला वाटावे.

कापड हाती आले की त्याची परीक्षा होई. ते दोन बोटांच्या चिमटीत धरून, खांद्याइतके उंच करून, डोळे मिटून इस्तारीजी त्यावर हळूच फुंकर घालीत. फडफडले तर "हवा पकडते" असा निर्णय. न फडफडले तर "ठेवा जी, हे मेलेलं हाय" म्हणून सन्मानपूर्वक परत. हिरव्या-निळ्याकडे ते पाहतही नसत. इतवारी बाजारातल्या बोहारणी जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देत. इस्तारीजी काही देत नसत, उलट दारात उभे राहून अर्धा तास लांडग्याविषयी सांगत. तरीही लाल लुगडी त्यांनाच मिळत, आणि बोहारणींनी आमची गल्ली सोडून दिली होती.

होय, लांडग्याविषयी. त्या चिंध्या लांडग्यासाठीच होत्या. हे मी क्रमाने सांगतो. क्रम सोडला तर गल्लीने जसे त्यांना वेडे ठरवले तसे वाचकही ठरवतील, आणि तो दोष माझ्या माथी येईल.

इस्तारीजी जन्माने विणकर. घरातला हातमाग थांबला तेव्हा पोटासाठी ते शहरातल्या एका प्राणिबागेत राखणदार झाले. वाघाकडे गर्दी असे, अस्वलाकडे मुले असत. इस्तारीजींच्या वाट्याला अगदी मागच्या बाजूचे एक कुंपण आले, आणि त्यात एक लांडगी. तिचे नाव त्यांनी कधी ठेवले नाही. "बाई" म्हणत. लोक तिथवर येत, क्षणभर पाहत, "अरे, हा तर गावठी कुत्रा!" म्हणत आणि वळत. हे वाक्य इस्तारीजींच्या वर्मी लागे.

"कुत्रा? कुत्र्याची शेपूट वर, इची खाली. पाय पाहा कसे उंच! कुत्रा इकडं हुंगते, तिकडं हुंगते. हे ताण्याच्या एका सुतावरून चालते. पुढचा पाय जिथं पडला, तिथंच मागचा. अशी सरळ चाल तर आमच्या मागावरच्या धोट्याची नाही, बाप्पा!"

शेवटी ते पाटी लिहून घेण्यासाठी माझ्याकडे आले. मी तेव्हा संस्कृत पाठशाळेत शिकवीत असे, आणि शिक्षकाला लिहावयास सांगितले की जे घडते ते घडले. वृक नामक हा प्राणी देहाने कृश, आखूड केसांचा, उष्ण व उघड्या माळरानात राहण्यास विधात्याने योजलेला; हिमप्रदेशातील आपल्या भाईबंदांहून लहान; ससे, उंदीर, हरणे ह्यांवर निर्वाह करणारा; नर-मादी दोघे मिळून पिल्ले वाढवणारा; आणि माळ नांगरले जात असल्यामुळे दिवसेंदिवस दुर्मीळ होत चाललेला. असे बरेच काही मी लिहिले. इस्तारीजींनी ते हात जोडून ऐकले, "लई सुंदर हाय, गुरुजी" म्हणाले, आणि पाटीवर "हा कुत्रा नाही" एवढेच रंगवले. माझ्या लेखनाचे इतके योग्य संपादन पुढे कोणीही केले नाही.

ह्याच बाईने एकदा अन्न सोडले. कुंपणाच्या एका टोकाला मांस, दुसऱ्या टोकाला ती. अर्ध्यापर्यंत येई, थबके आणि परते. असे दोन दिवस चालले. डॉक्टर आले, दुरूनच पाहून औषध लिहून गेले. इस्तारीजींनी कोराडीच्या देवीला नारळ बोलला. तिसऱ्या दिवशी त्यांना आपला फेटा आठवला. विणकर धुतलेले लांब वस्त्र चुरगळून वाळत घालीत नाही. मागावरच्या ताण्यासारखे दोन्ही टोके बांधून ते ताणावे लागते, नाहीतर सूत वाकडे जाते. तेवढी लांब जागा दुसरीकडे नव्हती, म्हणून त्यांनी आपला लाल फेटा बाईच्या कुंपणातच आडवा ताणला होता आणि विसरून गेले होते. फेटा काढला. बाई सरळ चालत गेली आणि जेवली.

"डॉक्टरले अन् देवीले, दोघायले उगाच तरास दिला," असे ते म्हणत. नारळ मात्र त्यांनी वाहिला.

तेव्हापासून त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की बांधली: वाऱ्यावर हलणारे कापड लांडगा ओलांडत नाही; आणि कधीतरी एखाद्या मेंढवाड्याच्या उपयोगी पडतील म्हणून ते लाल चिंध्या जमवू लागले. मी एकदा विचारले, "पण लालच का?"

"त्याले लाल दिसते का नाही, त्याले माहीत. पण माहा फेटा लाल होता न जी!"



नोकरी संपली तेव्हा इस्तारीजी एकटे होते. पत्नी सखूबाई ह्या हकीकतीच्या तीन वर्षे आधी अचानक गेल्या होत्या. मुलगा कोराडीच्या वीजकेंद्रात कामाला. तिथल्या वसाहतीत त्याला दोन खोल्या मिळाल्या होत्या, आणि दर रविवारी येऊन तो वडिलांना तिकडे नेण्याची गोष्ट काढी. "बाबा, लोक हसून राहिले. चिंध्या कायले गोळा करता?" इस्तारीजी त्याला चहा पाजून परत पाठवीत. त्यांचा आणखी एक विक्षिप्तपणा येथे सांगितला पाहिजे. ते स्वयंपाक ओसरीवर करीत. घरात चांगली चूल असताना बाहेर शेगडी पेटवून बसत. पावसाळ्यात एका हातात छत्री आणि दुसऱ्या हाताने भाकरी, असे त्यांचे दर्शन घडे. कोणी विचारले तर "आतमंदी जीव घुसमटते" एवढेच सांगत. छत्रीवाल्या भाकरीवर आमच्या गल्लीने पुष्कळ विनोद केले. मीही हसलो आहे.

एका हिवाळ्यात सोमाजी धनगर त्या ओसरीवर येऊन टेकला. सोमाजी पारशिवनीकडचा. घोंगड्या विकायला इतवारीत येई, आणि येता-जाता इस्तारीजींचा चहा घेई. त्या दिवशी त्याने चहाला हात लावला नाही.

"तुमच्या बाईच्या जातवाल्यानं तीन कोकरं नेले, बाबा," तो म्हणाला. "एक नेलं तर आम्ही देवाचा वाटा म्हणतो. बापजाद्यापासून हेच हाय. पण तीन? देव इतका कधी खात नाही जी."

माळावरच्या नाल्याच्या दरडीत बीळ होते, आत चार पिल्ले. गावाचे ठरले होते: पुढच्या मोठ्या बाजाराच्या दिवशी सगळे गडी मोकळे असतात, तेव्हा बिळाच्या तोंडाशी तणस आणि मिरच्या पेटवायच्या. धूर आत गेला की काम झाले. लांडगा मारण्यास आता सरकारची बंदी होती. पण त्या मुलखात वनरक्षक एक, त्याची सायकल एक, आणि गावे पुष्कळ.

इस्तारीजी बराच वेळ शेगडीतली राख सारखी करीत राहिले. मग म्हणाले, "बाजार कधी हाय?"

"बारा दिवसानं."

"चार दिवसांत मी येतो. तिथून आठ दिवस मले दे, सोमाजी. त्या आठ दिवसांत एक बी कोकरू गेलं, तर बिळापाशी पयली काडी मीच लावीन; नाही गेलं, तर बिळाले हात लावाचा नाही."

सोमाजीने गावाच्या वतीने शब्द घेतला. इस्तारीजी शब्द मोडणारे नव्हते, हे त्याला माहीत होते. तिथेच बसलेल्या मलाही माहीत होते.

मेंढवाड्याभोवती फिरेल एवढी दोरी, आणि दोरीला हात-हात अंतरावर लाल चिंधी. गल्लीतली लुगडी अपुरी पडली. ते जरीपटका भागात गेले आणि शिंप्यांच्या दुकानांतून लाल कातरण गोळा करू लागले. "बाबाजी, किसकी शादी है?" एका शिंप्याने विचारले. "लांडगे की," इस्तारीजींनी गंभीरपणे सांगितले. शिंप्याने भिऊन अख्खी थैली देऊन टाकली.

निघण्याच्या आदल्या सकाळी ते माझ्या दारात आले. दोरी पुरी झाली होती, पण वाड्याचे फाटक उरले होते.

माझ्याजवळ लाल वस्त्र एकच होते. वडिलांनी मला दिलेले तांबडे रेशमी सोवळे. जागोजागी रफू केलेले, तरी पूजेला मी तेच नेसत असे. ते मांसभक्षक पशूच्या वाटेवर टांगायचे? मी देवघराशी उभा राहिलो. आमच्या मंडळी, म्हणजे सौ., आतून म्हणाल्या, "चार लेकरांचा जीव आहे ना? मग ह्याहून सोवळं काय असतं?" शास्त्राधार मागण्याचे मला सुचले नाही. मी सोवळे मस्तकी लावून इस्तारीजींच्या हाती दिले.

इस्तारीजींनी ते चिमटीत धरले, डोळे मिटले आणि फुंकर घातली. सोवळे हलले नाही.

"हवा नाही पकडत, गुरुजी," ते खेदाने म्हणाले. मग माझा चेहरा पाहून घाईने, "पण फाटकाले चालते! फाटकाले जडच पाह्यजे!"

मी त्यांच्याबरोबर गेलो. पारशिवनीच्या बसमध्ये मांडीवर चिंध्यांचे गाठोडे घेऊन बसलो असता मी त्यांना पाठशाळेत शिकलेली एक अतिप्राचीन कथा सांगितली. एका ऋषिकुळातल्या मुलाने भुकेल्या लांडगीला आपल्या बापाचे शंभर मेंढे कापून घातले. बापाने संतापून त्याला आंधळे केले. तेव्हा त्या लांडगीने देववैद्यांची प्रार्थना केली आणि त्यांनी मुलाला पुन्हा डोळे दिले. कथा सांगताना मी मूळ ऋचाही म्हणून दाखवली.

"शंभर?" इस्तारीजी म्हणाले. "लई झाले जी. सोमाजीपाशी सारे मिळून सत्तर हायेत." मग म्हणाले, "बापाचं बी तसं चुकलं नाही." आणि आणखी थोड्या वेळाने, खिडकीबाहेर पाहत, "डोळे भेटले न पण? मंग झालं."

गावात आमचे जे स्वागत झाले ते वर्णन करण्यासारखे नाही. "मांडव कोणाचा गा?", "लांडग्याच्या बारशाले आले का पाहुणे?", "सोवळं बांधलं, आता पाट मांडा, म्हणजे लांडगा मांडी घालून बसते!" इस्तारीजींनी कोणालाही उत्तर दिले नाही. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, प्रत्येक चिंधी जमिनीपासून किती वर राहते ते वीत लावून पाहिले, जिथे गाठ सैल वाटली तिथे सोडून पुन्हा बांधली. फाटकावर माझे सोवळे टांगले. मी त्याच संध्याकाळी परतलो, ते तिथेच राहिले.

ते आठ दिवस मी पाठशाळेत काय शिकवले हे मला स्मरत नाही. आठव्या दिवशी पहिल्या बसने मी निघालो.

पोहोचलो तेव्हा ऊन कोवळे होते. बाजाराचा दिवस असल्याने वाड्यापाशी पंधरा-वीस माणसे जमलेली. तणसाच्या पेंढ्या आणि मिरच्यांचे पोते तयार. सोमाजी कोकरे मोजत होता. मोजली. पुन्हा मोजली. मग तो उभा राहिला आणि इस्तारीजींकडे न पाहता म्हणाला, "एक कमी हाय, बाबा."

कोणी हसले नाही. आठ दिवस थट्टा करणाऱ्या त्या लोकांच्या ह्या वागण्याचे मला आजही कौतुक वाटते.

"पुन्हा मोजा," मी म्हणालो.

"दोनदा मोजले, गुरुजी," इस्तारीजी म्हणाले. "ताणा तुटला म्हणजे तुटला." त्यांनी हात पुढे केला. कोणीतरी त्यावर काडीपेटी ठेवली.

आम्ही नाल्याकडे चालत गेलो. दरडीत एक अंधारे तोंड होते, आणि आतून बारीक कुईंकुईं ऐकू येत होती, देवघरातली समई विझताना वात चुरचुरते तशी. माणसांनी तणस रचले, मिरच्या टाकल्या आणि मागे सरले. इस्तारीजी खाली बसले. त्यांनी काडी काढली आणि पेटीवर घासली. पेटली नाही. पुन्हा घासली. तिसऱ्यांदा घासली. मी अगदी जवळ होतो, म्हणून मला दिसले: पेटीच्या ज्या अंगाला घासायची पट्टी नव्हती, त्या गुळगुळीत अंगावर ते काडी घासत होते. जन्मभर शेगडी पेटवणारा माणूस. मी ते पाहिले आणि तोंड उघडले नाही. असत्याला मौनाने साथ दिल्याचे पाप असेल तर ते माझ्या नावावर आहे.

"बाबा, दुसऱ्या बाजूनं," कोणीतरी हळूच म्हणाले.

इस्तारीजींनी पेटी उलटली. तेवढ्यात मागून ओरडणे ऐकू आले.

"आग लावू नका गा! लावू नका!" सोमाजीची बायको चंद्रभागा लुगड्याचा ओचा धरून माळावरून पळत येत होती. "कोकरू घरी हाय! डाल्याखाली!"

सारे तिच्याकडे पाहू लागले. पहाटे दोन-तीन दिवसांचे एक कोकरू थंडीने काकडत होते, म्हणून तिने ते उचलून घरी नेले होते, चुलीजवळ डाले पालथे घालून त्याखाली ठेवले होते, आणि स्वतः पाण्याला गेली होती.

"सांगाले काय झालं होतं वं तुले?" सोमाजी ओरडला.

"तुमाले सांगाले तुम्ही उठले पाह्यजे न! घोरून राहिले होते!"

आधी एकजण हसला, मग सगळा माळ हसला. तणसाच्या पेंढ्या हातोहात बाजूला झाल्या. इस्तारीजी मात्र बसूनच होते. काडी अजून बोटांत होती. "उठा," मी म्हणालो, तर त्यांनी आधी काडी पेटीत परत ठेवली. मी त्यांना हात देऊन उभे केले. आमचा हस्तस्पर्श सोवळ्याच्या नियमांत कुठे बसतो हा विचार मला बसमध्ये आला, आणि तिथेच मी तो सोडून दिला.

निघण्यापूर्वी त्यांनी मला वाड्याभोवतीची माती दाखवली. पावलांचे ठसे दोरीपर्यंत येत, हातभर अंतर राखून सारा वाडा फिरत आणि फाटकाशी थांबत. "हे पाहा बुडाचा ठसा. तुमच्या सोवळ्यापुढं बसून होता जी!" माझ्या सोवळ्याचा इतका मान घरातल्या लहानथोरांपैकीही कोणी राखला नव्हता.

सोमाजीला त्यांनी खरे तेच सांगितले. "हे काही कायमचं नाही गा. महिना-दीड महिन्यात त्याले समजते, का ही निस्ती चिंधी हाय. तवरी पोट्टे पायावर उभे होते, अन् मंग मायबाप त्यायले घेऊन जाते." गावाने दीड महिना दिला. आता कोणी अट घातली नाही.

फाल्गुनाच्या आरंभी सोमाजी घोंगड्या घेऊन आला आणि दोरीचे वेटोळे व माझे सोवळे माझ्याच घरी ठेवून गेला. घाईत होता, पण बातमी सांगून गेला. ती ऐकून मी सोवळे देवघरात ठेवले, वेटोळे उचलले आणि इस्तारीजींकडे गेलो.

ओसरीवर शेगडी थंड होती. हाका मारल्या. उत्तर आले नाही म्हणून आयुष्यात प्रथमच मी त्यांच्या घरात पाऊल टाकले. मधल्या खोलीत ते पाठमोरे उभे होते. त्यांच्यापुढे, स्वयंपाकघराच्या दारात वलणी बांधलेली होती, आणि तिच्यावर एक लाल लुगडे ताणून टाकलेले होते. कुठेही न फाटलेले. वर धुळीचा थर.

माणसाचे मन कसे असते पाहा. पहिला विचार आला तो हाच, की घरात अख्खे लुगडे असताना ह्या गृहस्थाने माझे सोवळे नेले!

त्यांना तो ऐकू आला असावा. "फाटलं नव्हतं न जी," ते म्हणाले. "मी फाटलेलंच मागत होतो. नेसणारी गेली, हे तसंच राहिलं. माह्या मागावरचं शेवटचं. त्या दिवशी सकाळी तिनं धुतलं, इथं ताणून टाकलं, अन् सांजेले तिले नेलं. मंग मले हे ओलांडून चुलीपाशी जाता नाही आलं." मग म्हणाले, "बाई दोन दिवस उपाशी काहून राहिली, ते मले तवा समजलं."

मला छत्री आठवली, आणि भाकरी. मी दोरीचे वेटोळे खाली ठेवले आणि सोमाजीची बातमी सांगितली. परवा लांडग्याने दोरी ओलांडली. चिंधी हुंगली, वाड्यात शिरला आणि एक कोकरू नेले. एकच. दुसऱ्या दिवशी बीळ रिकामे होते. चार पिल्ले आणि दोघे मायबाप, सहाही जणांची पावले उत्तरेच्या जंगलाकडे गेली होती. सोमाजी म्हणाला होता, "देवाचा वाटा."

"चारही?" इस्तारीजींनी विचारले.

"चारही."

"अन् दोरी ओलांडली त्यानं?"

"ओलांडली."

ते प्रथम ओठांत हसले, मग मोठ्याने, डोळे पुसत. "दीड महिना! मले तीन वर्सं लागले, गुरुजी. तो माह्याहून हुशार हाय." मग वलणीकडे वळून म्हणाले, "जरा ते टोक धरता का? नऊ वाराची घडी एकट्यानं सरळ येत नाही."

मी टोक धरले. त्यांनी दुसरे टोक धरून ताणले, सूत वाकडे जाणार नाही असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात सूर्याला अर्घ्य देत होतो. मंडळी मागून म्हणाल्या, "अहो, इस्तारीजींच्या कौलांतून धूर निघतोय. आत चूल पेटली वाटतं." मी मान वर केली. ओसरी रिकामी होती. ओंजळीतले पाणी सोडायचे राहिले होते. ते बोटांमधून आपोआप गळून गेले.